मराठवाड्यात घरातल्या कुंडीत वसंतातली कंदफुलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्यूलिप, हायसिंथ, नर्गिस ही मुळात थंड मुलखातली फुलं. आपल्याकडे थंडी पडते ती पहाटेपुरती, आणि होळी झाली की ऊन चटके द्यायला लागतं. तरीही लातूरच्या फ्लॅटमध्ये किंवा नांदेडच्या जुन्या वाड्यात ही फुलं घेता येतात. कोणत्या कंदाला काय हवं आणि आपल्या हवेत त्यातलं काय फुकट मिळतं, एवढं आधी समजून घ्यायला हवं. दरवर्षी दिवाळीच्या आसपास जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

मराठवाड्यात ट्यूलिप खरंच फुलतं का?

फुलतं. पण एकदाच, आणि तेही थंडी तुम्ही दिली तर.

ट्यूलिपचा भरलेला कंद सुरीने उभा चिरून पाहा. कांद्यासारखेच जाड पांढरे पापुद्रे दिसतील. तळाशी मुळं फुटणारी चपटी तबकडी आणि मधोमध फिकट पिवळा कोंब असतो. त्या कोंबाच्या आत, गुंडाळलेल्या पानांच्या कुशीत, ज्वारीच्या दाण्याहून लहान असं अख्खं फूल बसलेलं असतं. भिंग धरलं तर त्याच्या पाकळ्या आणि पुंकेसर वेगवेगळे ओळखू येतात. म्हणजे ऑक्टोबरात तुम्ही कंद विकत घेता तेव्हा फूल आत तयारच असतं, ते जमिनीत असताना आणि काढणीनंतरच्या उन्हाळ्यात घडलेलं असतं. थंडीचं काम पुढचं: दांडा लांबवून ते फूल वर आणायचं. ट्यूलिपला त्यासाठी २ ते ९ अंश सेल्सिअसमध्ये १२ ते १६ आठवडे लागतात. परभणीत थंडीच्या लाटेत पारा पाच-सहा अंशांवर येतो हे खरं, पण ते चार-दोन पहाटे. दुपारी पुन्हा २७-२८ अंश. एवढ्यावर ट्यूलिपचं भागत नाही, म्हणून फ्रिज.

श्रीनगरला झबरवान डोंगराच्या पायथ्याशी, दल सरोवराच्या काठी २००७ साली सुरू झालेली ट्यूलिपची बाग मार्च-एप्रिलमध्ये फुलते ती तिथला हिवाळा कंदांनी जमिनीत काढलेला असतो म्हणून.

कांद्याला थंडीने डेंगळे येतात, तसंच हे का?

नातं जवळचं आहे, पण काम उलट्या क्रमाने होतं. कांद्याचं रोप थंडीत सापडलं की त्या थंडीमुळे फुलाचा दांडा नव्याने तयार व्हायला लागतो, आणि शेतकऱ्याचं नुकसान होतं. ट्यूलिप-हायसिंथमध्ये फूल आधीच बनलेलं असतं, थंडी फक्त त्याला मोकळं करते. याचा व्यवहारातला अर्थ असा, की कंद लहान किंवा वाळका असेल तर आत फूलच नसतं. मग त्याला वीस आठवडे थंडी द्या, पानंच येणार.

कोणत्या कंदाला थंडी लागते, कोणत्याला नाही?

ट्यूलिपला १२ ते १६ आठवडे, डॅफोडिलला साधारण तेवढेच. हायसिंथ, क्रोकस आणि म्युस्कारी (छोट्या निळ्या घोसांचं कंदफूल) यांना १० ते १४. 'प्रिपेअर्ड' असं लिहिलेला हायसिंथ उष्णतेची खास प्रक्रिया करून आलेला असतो, त्याला ८ ते १० आठवडे पुरतात.

पेपरव्हाइट या पांढऱ्या, घोसाने फुलणाऱ्या नर्गिसला थंडी अजिबात लागत नाही. तुतारीसारख्या मोठ्या फुलांच्या अॅमरिलिसलाही नाही, त्याला लागतो तो कोरडा आराम, आणि तो मराठवाड्याइतका सहज कुठे मिळणार?

पहिल्यांदाच करत असाल तर अॅमरिलिसचा एक कंद आणि पेपरव्हाइटचे पाच घ्या. दुसऱ्या वर्षी हायसिंथ. ट्यूलिप शेवटी. दुकानात सगळ्यांची नजर आधी ट्यूलिपवर जाते, आणि निराशाही सगळ्यात जास्त त्याच्यातच पदरी पडते.

कंद कधी घ्यायचे आणि पारखायचे कसे?

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. डिसेंबरात स्वस्तात मिळतात म्हणून ट्यूलिपचे कंद घेऊ नका. त्यांची थंडी पुरी होईपर्यंत एप्रिल उजाडतो आणि खोलीत ३५ अंश असतात.

हिशोब असा मांडा. १५ ऑक्टोबरला हायसिंथ फ्रिजमध्ये गेला तर १० आठवडे २४ डिसेंबरला भरतात. पुढे दोन-तीन आठवड्यांत, म्हणजे संक्रांतीच्या आसपास फूल येतं. मराठवाड्यातला हाच सगळ्यात गार काळ. ट्यूलिपला त्याच तारखेपासून १४ आठवडे मोजले तर २१ जानेवारी येते आणि फूल फेब्रुवारीच्या मध्यावर, तेव्हा दुपार तापू लागलेली असते. म्हणून ट्यूलिप घ्यायचं तर 'प्री-चिल्ड', म्हणजे थंडी देऊन झालेले कंद मागवा. ते डिसेंबरात घरी यावेत आणि आल्या दिवशीच लावावेत किंवा फ्रिजमध्ये जावेत. कुरिअरच्या गोदामात आठवडाभर उबेत पडले तर दिलेली थंडी वाया जाते. मागवताना पोचण्याचे दिवस विचारून घ्या.

कंदाचा आकार घेराच्या सेंटिमीटरमध्ये सांगतात. शिंप्याची टेप किंवा दोरा गुंडाळून स्वतः मोजा. ट्यूलिप १२ सेंमी किंवा जास्त, हायसिंथ १६ ते १८, पेपरव्हाइट १५ च्या वर, अॅमरिलिस २६ च्या वर. कंद हातात जड लागला पाहिजे. अंगठ्याने तळाची तबकडी दाबा: टणक असेल तर घ्या, दबली किंवा आंबूस वास आला तर परत करा. वरचं तपकिरी साल फाटलेलं असलं तरी बिघडत नाही. सालीवर निळसर बुरशीचा डाग असेल तर तोही कोरड्या कापडाने पुसता येतो.

'सात रंगांचं ट्यूलिप' अशी बियांची पाकिटं ऑनलाइन दिसतात. घ्यावीत का?

नको. बियांपासून ट्यूलिपला फूल यायला पाच ते सात वर्षं लागतात, आणि तीही दरवर्षी खरा हिवाळा मिळाला तर. खरं निळं ट्यूलिप जगात नाही. 'निळं' म्हणून विकतात ते जांभळं असतं. एकाच फुलात सात रंग फक्त चित्रात.

फ्रिजमध्ये कंद कसे ठेवायचे?

इथेच सगळ्यात जास्त कंद वाया जातात, म्हणून सावकाश वाचा.

कंद कागदी पिशवीत किंवा कांदे-बटाट्याच्या जाळीच्या पिशवीत घाला. प्लास्टिकची बंद पिशवी नको, आत घाम येऊन बुरशी धरते. पिशवीवर जात, ठेवल्याची तारीख आणि काढायची तारीख ठळक लिहा. जागा खालच्या भाजीच्या ट्रेची, तिथे बहुधा ४ ते ७ अंश असतात. साधा थर्मामीटर एक रात्र ठेवून खात्री करा. दारातल्या कप्प्यात तापमान सारखं वरखाली होतं. मागच्या भिंतीला चिकटून ठेवलं तर कंद गोठतो, आणि गोठलेला कंद बाहेर काढल्यावर पिलपिला होतो. एका दाराच्या फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याखालचा ट्रेसुद्धा टाळा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: फळं. पिकणारं फळ इथिलीन नावाचा वायू सोडतं आणि त्या वायूने कंदाच्या आतलं फूल जागच्या जागी मरतं. बाहेरून काही कळत नाही. तीन महिने सांभाळलेला कंद लावला की हिरवीगार पानं येतात आणि मधली कळी कागदासारखी वाळलेली निघते. आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे सीताफळाचा हंगाम. बालाघाटच्या डोंगरातली पिकत आलेली सीताफळं, केळी, पेरू, सफरचंद, टोमॅटो यातलं काहीही कंदांबरोबर नको. मोसंबी-संत्री त्या मानाने निरुपद्रवी, पण बुरशी लागलेलं एक फळ राहिलं तर तेही वायू सोडतं. घरात फ्रिज एकच असेल तर त्या तीन महिन्यांत फळं बाहेर टोपलीत ठेवायची, असा घरात ठराव करून घ्या. ते जमणार नसेल तर थंडीचे कंद घेऊच नका.

दर १५ दिवसांनी पिशवी उघडून एकेक कंद चाचपा. मऊ पडलेला काढून टाका. सगळेच हलके आणि सुरकुतलेले वाटले तर किंचित ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) ठेवा. ओलसर म्हणजे मुठीत घट्ट पिळलं तर थेंब पडू नये इतपत.

शेवटचे तीन-चार आठवडे उरले की शक्य असेल तर कंद कुंडीत लावून ती कुंडीच फ्रिजच्या खालच्या रॅकवर ठेवा. गारव्यात मुळं आधी पसरतात आणि बाहेर काढल्यावर फूल उभं राहायला जोर मिळतो. १५ सेंमीची बुटकी प्लास्टिकची कुंडी मावते. रॅक रिकामा करून द्यायला घरचे तयार नसतील, तर हायसिंथ तरी कोरडाच थंड केला तरी चालतो.

भारनियमनात फ्रिज बंद राहतो. थंडी वाया जाते का?

चार-सहा तासांनी काही होत नाही. दार उघडू नका. भाजीच्या ट्रेमध्ये पाण्याची भरलेली बाटली आडवी ठेवली तर गारवा टिकतो. मोठ्या बिघाडात दोन-तीन दिवस कंद उबेत राहिले तर फ्रिज सुरू झाल्यावर निदान आठवडाभर जास्त मोजा.

माती कोणती? अंगणातली काळी चालेल का?

एकटी काळी माती कधीही नाही. पाणी पडलं की ती लोण्यासारखी चिकटते, हवा बंद होते आणि तबकडी सडते. वाळली की कुंडीच्या कडेपासून सुटते आणि त्या फटीतून सगळं पाणी खाली निघून जातं.

दोन भाग कोकोपीट, एक भाग जाड वाळू, एक भाग चाळलेलं गांडूळ खत, असं मिश्रण करा. कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट भिजून साधारण आठ लिटर होते; त्यात क्षार असतात, म्हणून दोनदा पाण्यात भिजवून पिळून घ्या. नदीची वाळू मिळत नसेल तर क्रश सँड चालते, मात्र ती पाणी निवळ येईपर्यंत धुवायची, तिच्यातली भुकटी सिमेंटसारखी बसते. बारीक मुरूमही चालतो. ताजं शेणखत नको. ते तापतं आणि बुरशी आणतं.

ट्यूलिप-हायसिंथला वेगळं खत द्यायची गरज नाही. एका फुलापुरती शिदोरी कंदात भरलेली असते.

लावायचं कसं?

कंद आधी कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या पाण्यात, लिटरला १ ग्रॅम, २० मिनिटं बुडवून सावलीत वाळवा. रसायन नको असेल तर मिश्रणात ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं बायोमिक्स हे जैविक मिश्रण मिसळा. दोन्ही एकत्र करू नका, कार्बेन्डाझिमने ट्रायकोडर्माही मरतो.

कुंडीला तळाशी भोक हवंच. भोकावर खापरीचा तुकडा उपडा ठेवा. १५ सेंमी तोंडाच्या कुंडीत पाच-सहा ट्यूलिप, किंवा तीन हायसिंथ, किंवा पाच पेपरव्हाइट. जमिनीत लावतो तसं अंतर सोडायचं नाही. कंद एकमेकांना टेकू नयेत, मध्ये बोट जाईल इतकंच. टोक वर, तबकडी खाली. ट्यूलिपची टोकं मातीने जेमतेम झाकायची. हायसिंथ आणि पेपरव्हाइटची मान बाहेर ठेवायची.

ट्यूलिपच्या कंदाला एक बाजू चपटी असते. ती कुंडीच्या कडेकडे करा. पहिलं मोठं पान त्याच बाजूने निघतं, त्यामुळे सगळी पानं बाहेरच्या अंगाला झुकतात आणि फुलं मध्ये एकत्र राहतात. या एका गोष्टीने कुंडी सुबक दिसते.

माती काठोकाठ भरू नका, वर दोन सेंमी पाण्याला जागा ठेवा.

फ्रिजमधून काढलेली कुंडी कुठे ठेवायची?

थेट खिडकीतल्या उन्हात नाही. पहिला आठवडा घरातल्या सगळ्यात गार, अंधुक कोपऱ्यात: उत्तरेकडची खोली, जिन्याखालची जागा, दगडी भिंतीचं माजघर. कोंब पाच सेंमीचा झाला की उजेडात आणा, सकाळचं कोवळं ऊन एक-दोन तास पुरे. रात्री कुंडी गच्चीत किंवा गॅलरीत ठेवा आणि सकाळी नऊच्या आत घरात घ्या. जानेवारीतली मराठवाड्याची रात्र या फुलांना मानवते. ती वाया घालवू नका. हे रोजचं आत-बाहेर जड वाटेल, पण फरक डोळ्यांना दिसतो: गारव्यात ठेवलेलं ट्यूलिप आठ-दहा दिवस टिकतं, पंख्याखालच्या उबदार दिवाणखान्यातलं चार दिवसांत पाकळ्या टाकतं.

दुपारी खोली तापत असेल तर जुना उपाय करा. पसरट मातीच्या भांड्यात किंवा फुटक्या रांजणाच्या बुडात वाळू भरून ओली करा आणि कुंडी त्यात रोवा. आपली हवा कोरडी असल्याने पाणी झपाट्याने उडतं आणि मुळांभोवती गारवा राहतो. वाळू सकाळ-संध्याकाळ ओली करायची. ज्या तत्त्वावर माठातलं पाणी गार होतं तेच हे. किनारपट्टीच्या दमट हवेत याचा एवढा उपयोग होत नाही.

हायसिंथ दोन-तीन आठवड्यांत, ट्यूलिप तीन-चार आठवड्यांत फुलतं.

बोअरचं पाणी चालेल का?

आपल्याकडचं बहुतेक बोअरचं पाणी जड असतं. कुंडीच्या कडेला पांढरी पुटं चढतात आणि पानांची टोकं करपतात. एका हंगामाच्या ट्यूलिपला त्याने मोठं काही होत नाही. वर्षानुवर्षं त्याच कुंडीत राहणाऱ्या अॅमरिलिसला मात्र होतं. साठवलेलं पावसाचं पाणी उत्तम, नळाचं पाणी चालतं. आरओमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी कुंडीला वापरायची सवय खूप घरांत आहे, ती कंदांसाठी तरी मोडा. त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार उरलेले असतात.

पाणी किती? बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत घाला. कोरडं लागलं तरच द्या, कडेने द्या, कोंबात ओतू नका. खालच्या बशीत साठलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाका.

माती न घेता नुसत्या पाण्यावर येतात का?

हायसिंथ आणि पेपरव्हाइट येतात. हायसिंथसाठी अरुंद मानेची काचेची बरणी घ्या. कंद मानेवर बसला पाहिजे आणि पाणी तबकडीच्या अर्धा सेंमी खाली राहिलं पाहिजे. पाणी तबकडीला लागलं की कंद सडतो, ही एकच चूक सगळे करतात. मुळं पाण्याच्या वासाने खाली उतरतात. ती चार-पाच सेंमी होईपर्यंत बरणी अंधारात ठेवा. पाणी आठवड्याला बदला आणि कोळशाचा छोटा खडा टाका.

पेपरव्हाइटला खोलगट काचेच्या भांड्यात पाच-सहा सेंमी गोटे, त्यावर कंद खेटून, आणि पाणी कंदाच्या बुडाला जेमतेम टेकेल इतकं. चार ते सहा आठवड्यांत फुलं. 'झिवा' जातीचा वास उग्र असतो, बंद खोलीत काहींचं डोकं दुखतं. 'इनबाल' सौम्य आहे.

पेपरव्हाइट उंच वाढून आडवी पडतात. काय करावं?

उजेड कमी आणि उबारा जास्त झाला की असं होतं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात यावर एक उपाय तपासला गेला, आणि तो घरी करण्याजोगा आहे. मुळं सुटून कोंब तीन-पाच सेंमी झाला की भांड्यातलं साधं पाणी ओतून टाका आणि ४ ते ६ टक्के अल्कोहोलचं पाणी घाला. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग आणि पाणी दहा-अकरा भाग. दांडे तिसऱ्या हिश्श्याने ते निम्म्याने आखूड राहतात, फुलांचा आकार कमी होत नाही. प्रमाण वाढवलं तर पानं करपतात. सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन असतं.

अॅमरिलिस दरवर्षी फुलवायची तर वर्षभर काय काय करायचं?

बाकीचे कंद एका हंगामाचे पाहुणे. अॅमरिलिस नीट सांभाळली तर वीस-पंचवीस वर्षं त्याच घरात राहते. मूळची दक्षिण अमेरिकेतली, पण आपल्या पावसाळा-कोरडा हिवाळा या चक्राशी तिचं छान जमतं.

कुंडी अरुंद घ्या. कंद आणि कडा यांत दोन-तीन सेंमी अंतर, बस्स. मोठ्या कुंडीत माती ओली राहते, मुळं कुजतात. कंदाचा वरचा तिसरा हिस्सा ते अर्धा भाग मातीबाहेर हवा.

जानेवारीच्या शेवटी सुरुवात करा. वरची तीन सेंमी माती काढून ताजं मिश्रण घाला, एकदा भरपूर पाणी द्या आणि कोंब दिसेपर्यंत पुन्हा देऊ नका. कोंब आला की निरखून पाहा. पानाचं टोक चपटं असतं, कळीचं जाड आणि भाल्यासारखं. पाच ते आठ आठवड्यांत फूल उमलतं. दांडा उजेडाकडे झुकतो, म्हणून कुंडी रोज पाव फेरी फिरवा.

फुलं सुकली की दांडा बुडाशी कापा, पानं मात्र एकही कापू नका. पुढच्या वर्षीचं फूल त्या पानांच्या जोरावर बनतं, आणि हिशोब अगदी ठरलेला आहे: साधारण दर चार पानांमागे कंदात एक फूलदांडा तयार होतो. पावसाळाअखेर आठ पानं मोजलीत तर पुढच्या वर्षी दोन दांड्यांची आशा धरायला हरकत नाही.

एप्रिल-मेचं ऊन मात्र हिला सोसत नाही. ४२ अंशांत पश्चिमेच्या गॅलरीत ठेवलेली पानं दोन दिवसांत पांढरी पडतात. पूर्वेकडे किंवा हिरव्या जाळीखाली ठेवा. जून ते सप्टेंबर दर १५ दिवसांनी विद्राव्य खत, १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश यांचं प्रमाण), लिटरला २ ग्रॅम. सप्टेंबरात एक-दोनदा १३:०:४५ त्याच प्रमाणात. ही खतं कृषी सेवा केंद्रात मिळतात, महागडं 'फुलांचं खत' घ्यायची गरज नाही. दसऱ्यापासून पाणी कमी करत न्या. नोव्हेंबरात बंद. पानं पिवळी पडली की मानेपासून दोन-तीन सेंमी ठेवून कापा आणि कुंडी आडोशाला, कोरड्या गार जागी आठ-दहा आठवडे विसरून जा. कुणीतरी मायेने तांब्याभर पाणी घालतं आणि सगळं बिघडतं. कुंडीवर 'पाणी घालू नये' अशी चिठ्ठी चिकटवा.

अॅमरिलिसला पानंच येतात, फूल येत नाही.

चार कारणं बघा, याच क्रमाने. कोरडा आराम मिळालाच नाही, वर्षभर पाणी चालू होतं. उजेड कमी, पानं लांब आणि लोळणारी. कंदाचा घेर २० सेंमीच्या आत, म्हणजे अजून लहान आहे. किंवा पिल्लं, म्हणजे बाजूला फुटणारे छोटे कंद, इतकी झाली की आईला जागा उरली नाही. पिल्लं मुळांसकट हलकेच वेगळी करून दुसऱ्या कुंडीत लावा, ती दोन-चार वर्षांत फुलतील.

पानांवर आणि दांड्यावर लाल चट्टे दिसले तर तो बुरशीजन्य रोग आहे. चट्टे पडलेला भाग कापा, पानांवर पाणी उडवू नका. पावसाळ्यात काळ्या अंगावर पांढरे आणि लालसर ठिपके असलेली अळी आली तर एका रात्रीत पानांची चाळण होते. दिवेलागणीला बॅटरी घेऊन पानांच्या खालची बाजू आणि मानेची बेचकी तपासा, हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाका.

हायसिंथचं फूल पानांतच अडकलंय.

थंडी कमी पडली. अजून उपाय आहे: जाड कागदाचा १५ सेंमी उंच शंकू करा, टोकाला रुपयाएवढं भोक ठेवा आणि कोंबावर उपडा घाला. उजेडाच्या ओढीने दांडा चार-पाच दिवसांत वर सरकतो.

कळी वाळली, कंद सडला, कोंबच नाही: नेमकं काय चुकलं?

कळी तयार होऊन कागदासारखी वाळली तर फळांचा वायू, किंवा फ्रिजमधून थेट उबेत आणलं, किंवा वाढीच्या काळात एकदा कुंडी पार सुकली. कोंब नाही आणि कंद टणक आहे, तर कुंडी हलकेच उपडी करून मुळं पाहा. मुळं नसतील तर आणखी दोन आठवडे गारव्यात ठेवा. कंद तळातून मऊ आणि आंबूस झाला तर काही करता येत नाही, मातीसकट टाका, ती माती दुसऱ्या कंदाला वापरू नका. मातीवर बारीक काळ्या माश्या घोंगावत असतील तर पाणी जास्त होतंय. वर बोटभर कोरडी वाळू पसरा.

हे कंद विषारी असतात का?

हो. नर्गिस-डॅफोडिलच्या कंदात लायकोरिन नावाचं विष असतं. खाल्लं तर जोराच्या उलट्या, पोटदुखी, जुलाब. अॅमरिलिसही त्याच कुळातली. आणि नर्गिसचा कंद हुबेहूब कांद्यासारखा दिसतो. फ्रिजमध्ये तो भाजीशेजारी ठेवला आणि घरातल्या कुणी घाईत फोडणीला चिरला तर अनर्थ होतो. म्हणून पिशवीवर नुसतं नाव नको, मोठ्या अक्षरांत 'विषारी, खायचं नाही' लिहा, वेगळ्या डब्यात ठेवा आणि स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकाला दाखवून ठेवा. ओळख सोपी आहे: कांदा चिरला की वास येतो आणि डोळे चुरचुरतात, याला तो वास नाही. चव घेऊन पाहू नका. चुकून खाल्लंच तर उरलेला तुकडा बरोबर घेऊन लगेच दवाखाना गाठा.

हायसिंथच्या सालीने हाताला खाज सुटते, हातमोजे घाला. कुत्रं-मांजर आणि रांगतं मूल असलेल्या घरात कुंड्या उंचावर हव्यात.

फुलं गेल्यावर ट्यूलिप-हायसिंथचे कंद पुढच्या वर्षीसाठी जपावेत का?

जपून उपयोग नाही. नवा कंद भरायला पानांना दोन-अडीच महिने गार उजेड लागतो, आणि आपल्याकडे मार्च तो देत नाही. पानं लवकर वाळतात, आतले कंद लसणाच्या पाकळ्यांएवढे राहतात. खतात टाका. वाईट वाटतं हे खरं, पण पुढच्या वर्षी त्यांच्यावर फ्रिजचा ट्रे अडवून ठेवणं जास्त वाईट.

निशिगंध आणि फुटबॉल लिली घरात कुंडीत येतील का?

निशिगंध घरात नाही. त्याला दिवसाचं पाच-सहा तास थेट ऊन लागतं, म्हणून गच्ची किंवा अंगण. एप्रिल-मेमध्ये लावा, २५ सेंमीच्या कुंडीत तीन-चार कंद, साधारण तीन महिन्यांनी दांडे येतात.

फुटबॉल लिली मात्र गॅलरीतल्या सावलीत छान येते, आणि तिला फ्रिज, तारखा, काही लागत नाही. कंदाची मान मातीच्या पातळीला ठेवून २० सेंमीच्या कुंडीत एक कंद लावा. नोव्हेंबरात पानं गेली की पाणी जवळजवळ बंद, महिन्यातून एकदा माती जेमतेम ओली करायची. एप्रिलच्या शेवटी कुंडीत काहीच दिसत नाही आणि लोक ती रिकामी समजून माती उपसतात, तेवढं करू नका. मे-जूनमध्ये वळवाचा पहिला शिडकावा झाला की मातीतून ठिपक्यांचा जाड दांडा वर येतो आणि काही दिवसांत त्यावर तळहाताहून मोठा लाल चेंडू फुलतो. गॅलरीत पाऊस येत नसेल तर त्याच दिवशी कुंडीला भरपूर पाणी द्या.